खानदेशचा चैत्र आणि बागाईतीचे पाणी



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. आमच्या खानदेशानेही या चालीत आपल्या परीने भर घातली आहे. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. थंडी सरत असता सुरू झालेली ती प्रवचने मृगात संपली. तुरुंगाच्या भिंतीबाहेर, पांझरेच्या काठी, याच महिन्यांत शेतकरी काय करीत होता? आणि आज आपण या मांडवात पंख्याखाली बसलो असता तो काय करीत आहे? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

वसंत म्हटला की आपल्याला आम्रमोहोर, कोकिळा आणि मंद वारा आठवतो. ही शिकवण संस्कृत काव्याची. खानदेशात मोहोर असतो, कोकिळाही असते. पण वारा मंद नसतो. चैत्र लागला की जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वैशाखात तो पंचेचाळीसपर्यंत चढतो. वर्षाचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरातला, तोही चार महिन्यांत पडून गेलेला. अशा मुलखात वसंत ऋतू हा फुलांचा कमी आणि पाण्याच्या हिशेबाचा अधिक असतो. विहिरीत किती उरले, ते कुणाला, केव्हा आणि कशासाठी द्यायचे, हा या ऋतूतला खरा प्रश्न. आमचे आजचे म्हणणे एवढेच की, या प्रश्नाचे उत्तर एकट्याने देता येत नाही. खानदेशाला हे पूर्वी ठाऊक होते आणि मधल्या काळात आपण ते विसरत चाललो आहोत.

प्रथम या दिवसांतले खेडे कसे असते ते पाहू. शेताचे दोन प्रकार आपण जाणता : कोरडवाहू आणि बागाईत. फाल्गुनात कोरडवाहू शेत मोकळे होऊ लागते. दादर कापून होते, कडब्याच्या गंजी लागतात, हरभरा आणि गहू घरात येतो. कपाशीची शेवटची वेचणी झालेली असते. मग पऱ्हाट्या उपटून, मोळ्या बांधून त्या अंगणाच्या कडेला रचतात. चुलीला वर्षभराचे जळण होते. आपण ज्याची एवढी वाखाणणी करतो ते वांग्याचे भरीतही याच काड्यांच्या जाळावर भाजलेले खरे. नंतर नांगरट. ढेकळे उन्हात तापली पाहिजेत म्हणून ती लवकर करायची. उकिरड्यातले खत शेतात जाऊन पडते आणि कोरडवाहू शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. त्याला आता दोन महिने थांबायचे आहे.

बागाईतदाराला मात्र थांबता येत नाही. त्याचा खरा कसोटीचा काळ आता सुरू होतो. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत केळीचे मळे आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जाऊ लागल्या त्याला कितीतरी वर्षे लोटली. केळीची लागवड इकडे मुख्यतः दोन वेळा होते. पावसाच्या आरंभी लावलेली ती मृगबाग, आणि पावसाळा संपता संपता लावलेली ती कांदेबाग. दोन्ही बागांना हा उन्हाळा काढावाच लागतो. पश्चिमेकडून झोत आला की पाने फाटतात, कोवळे घड करपतात. म्हणून बागेच्या कडेने शेवरीची दाट रांग लावतात. ती वारा अडवते.

आता पाण्याचे गणित करू. एका एकरात केळीची सुमारे अठराशे झाडे बसतात. ऐन उन्हाळ्यात एका झाडाला ठिबकने दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकराला एका दिवसाचे छत्तीस हजार लिटर झाले. शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी १३५ लिटरने करतात. त्या हिशेबाने एका एकर केळीला अडीचशेहून अधिक शहरवासीयांचे पाणी लागते. हे आम्ही शेतकऱ्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. तो त्या पाण्याचे अन्न करतो आणि आपण ते खातो. परंतु आकडा डोळ्यांपुढे असल्याखेरीज पुढचे बोलणे पटणार नाही.

हे पाणी देण्याचे काम दिवसाचेच असते असे नव्हे. शेतीची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी हातात घेऊन विंचू-काट्यातून मळ्यात जावे लागते. वीज मध्येच गेली तर बांधावर बसून वाट पाहायची. हे काम पुष्कळदा मालक करीत नाही, सालदार करतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. खानदेशात त्याचे साल अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, संपते आणि त्याच दिवशी नवे साल ठरते. तेव्हा वसंतात गावातल्या किती घरांचे पुढचे वर्ष एका बोलण्यावर ठरते, याची कल्पना करावी.

घरात बायकांचा हंगाम याच दिवसांत असतो. वर्षभराचे पापड, कुरडया, शेवया आणि ज्वारीचे बिबडे याच उन्हात वाळायचे. ज्वारी भिजवून, कांडून, शिजवून तिचा गरम गोळा ओल्या फडक्यावर थापायचा, आणि ऊन चढण्यापूर्वी खाटांवर पसरून मोकळे व्हायचे. म्हणून हे काम पहाटेच सुरू होते. एका घरच्या बायकांनी ते आटोपत नाही. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, अशा पाळ्या लागतात. मजुरी कोणी मोजीत नाही. पण कोणाचे घर राहिले याचा हिशेब मात्र पक्का असतो. या पाळीची गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

मग आखाजी येते. सासुरवाशिणींना आणायला भाऊ जातात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. त्याच दिवशी पितरांसाठी घागर भरतात. पाण्याने भरलेल्या घागरीवर डांगर ठेवतात. सोबत सांजोऱ्या आणि आंबे असतात. वर्षातला सर्वात मोठा सण आणि त्यात पूजा कशाची, तर भरलेल्या घागरीची! ज्या मुलखात वैशाखात पाणी दुर्मिळ, त्या मुलखाने पूर्वजांना द्यायला पाणीच निवडावे, यात आश्चर्य नाही. आणि त्या घागरीवरचे डांगर येते कोठून? तापी, गिरणा, पांझरा यांच्या वाळूतून. पावसाळ्यानंतर पात्र उघडे पडले की नदीकाठची भूमिहीन कुटुंबे वाळूत खड्डे करून, त्यात खत घालून टरबूज-डांगराच्या वाड्या लावीत. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही त्यांची ही बागाईत. वाळूचा उपसा वाढला, नद्यांचे वाहणे बदलले, आणि या वाड्या अनेक ठिकाणी आटल्या. बाजारात डांगर अजून मिळते; पण ते आता बहुधा शेतमालकाच्या रानातले असते. ज्यांची वाडी गेली त्यांची नोंद कोणत्याच खात्यावर नाही.

पूर्वी विहिरीचे पाणी मोटेने निघे. बैलजोडी धावेवरून खाली जाई, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई आणि पाणी पाटाने मळ्यात जाई. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरींनी या मोटेवर गाणे रचले, आखाजीवरही रचले. त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. मोटेचे कष्ट पुन्हा कोणाच्या वाट्याला येवोत असे आम्ही म्हणणार नाही. पण मोटेत एक गुण होता : बैल दमत. दिवसभरात जेवढे पाणी बैलाच्याने निघे तेवढेच निघे, आणि रात्रीतून विहीर पुन्हा भरे. पाण्याच्या उपशाला मर्यादा आपोआप पडलेली होती. विजेच्या पंपाने ती मर्यादा काढून घेतली. तिच्या जागी माणसाने स्वतः ठरविलेली मर्यादा यायला हवी होती. ती आली नाही.

असे ठरवणे शेतकऱ्याला जमणारच नाही, असे कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्याकडे घेऊन जाऊ. पांझरा, आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम, या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि उरलेले पाणी नदीला परत द्यायला सांडवे. खाली भिजणारी सारी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली. त्या तुकड्याला फड म्हणतात. नियम साधा आहे. एका फडात एका वेळी एकच पीक. एका फडात ऊस असला, तर दुसऱ्यांत हंगामी पिके. दरवर्षी पीक फिरते. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात एकवटलेली नसते, ती निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते. आणि ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा.

याचा अर्थ नीट पाहा. पाणी कमी पडले तर झळ कोणा एका शेपटाकडच्या शेतकऱ्याला लागत नाही. पडीक फडात प्रत्येकाचा थोडा तुकडा असतो आणि भिजणाऱ्या फडातही असतो. टंचाई सर्वांमध्ये वाटली जाते. हे व्हावे म्हणून माणसे नेमलेली असत : पाणी सोडणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख करणारा हवालदार, शेतात पाणी फिरविणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या. त्यांचा मोबदला पिकातून मिळे. पाट साफ करण्याचे काम ज्याची त्याची जमीन असेल त्या प्रमाणात ज्याच्या त्याच्याकडे असे. वर पंच. म्हणजे बायका बिबड्यांसाठी ज्या पाळ्या लावतात, त्याच तत्त्वावर गावाने नदी वाटून घेतली होती.

१८८४ साली मुंबई सरकारच्या नोकरीत शिरलेले तरुण इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांना सुरुवातीच्या कामगिरीसाठी याच पांझरेच्या काठी पाठविले होते. तेथे नदीच्या पात्रातून पाट पलीकडे नेण्यासाठी त्यांनी नळांचा वक्रनलिका-मार्ग बांधला. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली. जमिनीचे ठराविक तुकडे पाडायचे आणि त्यांत पिके फिरवीत पाणी थोडे-थोडे पुष्कळांना द्यायचे, अशी ती होती. तिचे फडाशी असलेले साम्य कोणाच्याही ध्यानात येईल.

फड पद्धतीचे गोडवे गाताना आम्हाला एक गोष्ट लपवायची नाही. फडात वाटा होता तो जमीन असणाऱ्याचा. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात हक्क नव्हता. त्याला जागल्या किंवा बारेकरी होऊन धान्य मिळे, इतकेच. पंचांत बायकांना स्थान नव्हते. तेव्हा जुने होते तसे उचलून आणा, असे आम्ही सांगत नाही. आम्ही सांगतो ते इतकेच की, टंचाई वाटून घेता येते, हे या मातीत सिद्ध झालेले आहे.

आता मैदानाकडे, रावेर-यावलकडे परत येऊ. तेथील जमीन तापीच्या गाळाची, खोल आणि सुपीक. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जाड थर आहे; पावसाचे पाणी तेथे मुरते आणि खालच्या मळ्यांना मिळते. निसर्गाने दिलेली ही एक मोठी भूमिगत विहीरच होय, आणि ती सर्वांची मिळून एकच आहे. पण तिच्यावर तोंडे मात्र हजारो. विहीर आटली म्हणून एकाने बोअर घेतली. शेजाऱ्याची विहीर आटली म्हणून त्याने आणखी खोल घेतली. शेकडो फूट खाली जाणारी ही शर्यत कर्जावर चालते, आणि तीत मागे पडतो तो लहान शेतकरी. आज रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी पाहणीत अतिशोषित म्हणून मोडतात. म्हणजे वर्षात जेवढे मुरते त्याहून अधिक उपसले जाते.

कोणी म्हणेल, ठिबक आले आहे ना? आले, आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्या जळगावच्या कारखान्याने ठिबकच्या नळ्या देशभर पोचविल्या. ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक यांनी केळीचे पीक दीड वर्षाऐवजी वर्षाच्या आत-बाहेर येऊ लागले. पण ठिबकने वाचते ते एका झाडाचे पाणी. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली, तर गावाचे पाणी वाचले कोठे? झाडाला किती द्यायचे ते नळी सांगते; गावात झाडे किती लावायची ते नळी सांगू शकत नाही. ते पंचांनीच सांगावे लागते, आणि ते पंच आज नाहीत.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. साक्री तालुक्यातच बारीपाडा हे आदिवासींचे लहान गाव आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत तेथील डोंगर उजाड होते आणि उन्हाळ्यात पाणी मिळत नव्हते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखायचे ठरविले. कुऱ्हाड लावणाऱ्याला दंड, राखणीची पाळी, हे नियम गावानेच केले आणि पाळले. सुमारे ४४५ हेक्टर जंगल उभे राहिले, विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकले. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून पाणी मुरविण्याचे काम केले. त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण पाणी मुरवावे लागते ही गोष्ट त्या कामाने घरोघर पोचविली. आणि मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच थरात पुराचे पाणी मुरवावे असा तिचा हेतू आहे.

योजना मोठी आहे आणि ती व्हावी. परंतु श्रोतेहो, खजिना भरण्याची योजना आणि खर्चाचा नियम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुरविलेले पाणी कोणी किती काढावे हे ठरले नाही, तर नव्या पाण्यावर नव्या बोअर होतील, इतकेच. बारीपाड्याने आधी नियम केला, मग जंगल आले. फडाने आधी वाटणी ठरविली, मग पाट वाहिला. हा क्रम आपण उलटा केला आहे.

यात शहरातल्या आपल्या लोकांचा संबंध काय? फार जवळचा आहे. जळगाव वाघूर धरणाचे पाणी पिते. धुळे तापीचे आणि नकाण्याच्या तलावाचे. ही खेड्यांच्या शेजारची, त्यांच्याच पावसाची पाणी आहेत. शहर हाही त्या फडातला एक शेतकरी आहे. पण तो पाट साफ करायला कधी येत नाही, आणि टंचाईच्या वर्षी पडीक राहण्याची पाळी त्याच्यावर कधी येत नाही. आपले सांडपाणी शुद्ध करून ते शेताला परत देणे, हे पाट साफ करण्यासारखेच आपले कर्तव्य आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारी आला की त्याला रस्त्याबद्दल विचारा. आणि आपण नदीतून किती घेतो व किती, कशा स्थितीत परत देतो, हेही विचारा.

आपल्यापैकी पुष्कळांची खेड्यात अजून जमीन आहे, भाऊबंद आहेत. आखाजीला आपण गावी जाल, पुरणाचे मांडे आणि आमरस खाल. त्या वेळी एक काम करावे. गावातल्या चार जाणत्यांना आणि चार जाणत्या बायकांनाही एकत्र बसवून, या वर्षी गावात पाणी किती आणि बागाईत किती, एवढा एकच हिशेब कागदावर मांडावा. सालदारालाही त्या बैठकीत बसवावे. रात्री पाणी तो देतो, तेव्हा विहिरीची तब्येत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसते. पहिल्या वर्षी भांडणे होतील. फडाच्या पंचांतही ती होतच असणार. पण भांडण एकत्र बसून झाले तर त्यातून वाटणी निघते. एकेकट्याने खोल खणण्यातून ती कधीच निघत नाही.